मदत हवी आहे: रक्तातलं टोल्युईन मोजणारी लॅब

स्प्रे पेंटिंग करणाऱ्या कामगारांच्या रक्तातलं टोल्युईन (रंग-थिनरमधलं सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारं द्रावक) मोजायचं आहे. पुणे-मुंबईत हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीवर (नमुन्यावरची वाफ तपासण्याची पद्धत) हे करणारी लॅब कुणाला माहीत आहे का? लघवीतलं हिप्युरिक ॲसिड (टोल्युईनपासून शरीरात बनणारा पदार्थ) मोजणं नकोच. लोणचं-सरबतातल्या सोडियम बेंझोएटनंही ते वाढतं. आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) नॉर्मल आले म्हणजे सॉल्व्हंट अंगात गेलंच नाही, असं कृपया कुणी सांगू नका.

नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीआधी घेणार (एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यावरच्या अमेरिकन संस्थेची तेव्हाच्या रक्तासाठीची मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम). राखाडी बुचाची फ्लोराइड ट्यूब काठोकाठ भरायची, नाहीतर टोल्युईन वरच्या मोकळ्या जागेत उडतं. बुचातूनही सॉल्व्हंट उतरतात, म्हणून त्याच लॉटच्या ट्यूबमध्ये शुद्ध पाणी भरून ब्लँक (तुलनेसाठी रक्त नसलेला नमुना) पाठवणार. लॅब स्वतःच्या ट्यूब देते का? बर्फावर कुरिअरनं आलेलं रक्त घेते का?