‘सगळा वेळ गेला’ आणि ‘वेळ निघून गेली’

प्रश्न : परदेशात वाढलेली माझी भाची सुट्टीत घरी आली होती. तिकिटाच्या रांगेत ताटकळून परतल्यावर ती म्हणाली, ‘माझी सगळी वेळ रांगेत गेली.’ आजीने ‘सगळा वेळ’ अशी दुरुस्ती केली आणि पाठोपाठ ‘चल, जेवायची वेळ झाली’ म्हणून तिला पानावर बसवले. मग हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, या तिच्या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : दोन्ही लिंगे शुद्ध आहेत; मात्र वाटेल तिथे वाटेल ते वापरता येत नाही. ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर देतो तो वेळ आणि ‘केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर देते ती वेळ. जो लागतो, पुरतो, उरतो, वाया जातो, तो पुल्लिंगी. जी येते, टळते, चुकते, साधावी लागते, ती स्त्रीलिंगी. म्हणून ‘खूप वेळ झाला’ म्हणजे बराच अवधी लोटला, तर ‘वेळ झाली’ म्हणजे ठरलेला क्षण आला. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत तर मृत्यू दारात उभा आहे, तरीही तो नेमका क्षण आलेला नाही, आणि सारा जीव त्या स्त्रीलिंगी ‘वेळे’वर तोलला आहे.

संस्कृतातील ‘वेला’ स्त्रीलिंगीच असून मर्यादा, समुद्राचा किनारा हेही तिचे अर्थ आहेत. आपल्या ‘ती वेळ’मध्ये मला तो काठ अजून जाणवतो, कारण तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारखे नसते. ‘तो वेळ’ सलग असतो, म्हणून त्याला अनेकवचनही नाही : ‘किती वेळ हाक मारली’ आणि ‘किती वेळा हाक मारली’ यांतला फरक लहान मूलही चुकवत नाही.

थोडे अवांतर : लग्नात घटिकापात्र ठेवत, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात दिसत. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती हळूहळू भरत जाई, तो 24 मिनिटांचा वेळ, आणि ती बुडाली की घटका भरली, ती वेळ.

दुसरा प्रतिसाद : विवेचन पटले, पण सामान्यरूपात हा नियम टिकत नाही, असे वाटते. ‘वेळेचा अपव्यय’, ‘वेळेचे नियोजन’ यांत अर्थ अवधीचाच आहे, मग रूप स्त्रीलिंगी कसे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे. नियमाने तिथे ‘वेळाचा’ हवे. परंतु ‘वेळेचा’ हे रूप लेखनात इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरीही ‘वेळात वेळ काढून’ऐवजी ‘वेळेत वेळ काढून’ कोणी म्हणत नाही आणि ‘थोड्या वेळेने येतो’ हे कानाला लगेच खटकते. भाचीला ‘थोड्या वेळाने ये’ आणि ‘ठरल्या वेळेला ये’ ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ऐकवावीत. पहिल्यात तिला फक्त थांबायचे आहे, दुसऱ्यात घड्याळ पाहायचे आहे.