जुनी पुस्तकं विकिस्रोतावर चढवणारी माणसं टिकवायची कशी? (बक्षीस लावून फसले आहे)

कसरीची_वैरीण

नमस्कार. मी तालुक्याच्या गावात 'ब' वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. आमच्या मागच्या कपाटात स्वातंत्र्यापूर्वीची दीडेकशे पुस्तकं आहेत. पान उलटायला जावं तर कोपरा हातात येतो. जूनमध्ये ठरवलं, यांतली कॉपीराइट संपलेली स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या घरातलंच मोफत ऑनलाइन ग्रंथालय) टाकायची आणि मुद्रितशोधन वाचकांकडूनच करून घ्यायचं. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मजकूर काढून देतं, पण 'ख'चा 'रव' करतं, 'ध'चा 'घ' करतं ('मा' करत नाही एवढंच नशीब) आणि कसरीने पाडलेल्या भोकाला अनुस्वार समजतं. म्हणजे प्रत्येक पान माणसाने मूळ चित्राशी ताडून वाचणं आलंच.

बावीस जण आले. गणपतीपर्यंत अकरा उरले. तेव्हा मी नको तो शहाणपणा केला. एका सभासदांनी या कामासाठी तीन हजार दिले होते, त्यातून 'महिन्यात सर्वात जास्त पानं करील त्याला पंधराशे रुपये' असं फळ्यावर लिहिलं, आणि दर शनिवारी नावांपुढे आकडे.

कॉलेजच्या एका मुलाने 340 पानं केली. बक्षीस दिलं, फोटो काढला. नंतर पानं उघडली तर निम्म्यांना हातच लागलेला नाही, ओसीआरचा मजकूर तसाच जतन करून पान 'पिवळं' म्हणजे 'तपासलेलं' केलेलं. उरलेल्यांत त्याने 'नाहीं'चं 'नाही' आणि 'केलें'चं 'केले' करून लेखकाचं शुद्धलेखन सुधारलं होतं! आता ते सगळं पुन्हा मीच निस्तरते आहे.

पण खरं दुखणं ते नाही. आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत, वय 74. भिंग घेऊन रोज एक-दोन पानं करायचे. फळ्यावर ते नववे, 41 पानं. दुसऱ्या शनिवारपासून ढेपाळले, महिना संपल्यावर येणंच बंद. फोन केला तर म्हणाले, "ताई, माझ्यापायी तुमचं काम मागे पडतंय." मला काय बोलावं सुचेना.

आता पाच जण आणि पंधराशे रुपये शिल्लक आहेत. प्रमाणपत्रं द्यावीत का? पानामागे पैसे? की नाद सोडावा?

रोखठोक

ताई, स्पष्ट बोलतो. कंटाळवाणं काम आहे, पैसे द्या. डीटीपीवाला फुकट टाइप करतो का? 'सेवा' म्हणून लोकांना राबवायचं आणि वर प्रमाणपत्राचा कागद, ही आपली जुनी खोड आहे.

पिवळ्याचं_हिरवं

रोखठोक यांचं स्कॅनिंगपुरतं पटतं. ते हमालीचंच काम आहे, त्याला पैसे द्यावेत. पण मुद्रितशोधनाला पानामागे पाच रुपये लावलेत की 340वाला मुलगा पुन्हा येणार, आणि या वेळी मित्रांना घेऊन.

मी काही वर्षं हे काम करतो आहे. विकिस्रोतावर पानाचे रंग आहेत : लाल म्हणजे न तपासलेलं, पिवळं म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याने पुन्हा तपासलेलं. ज्याने पिवळं केलं त्याला ते स्वतः हिरवं करता येत नाही. ताई, तुमच्या गुरुजींच्या 41 पानांपैकी हिरवी किती झाली? माझा अंदाज, शून्य. म्हणजे महिनाभर भिंग लावून केलेलं काम दुसऱ्या कुणी वाचलंसुद्धा नाही. फळ्यावरच्या नवव्या नंबरपेक्षा हे जास्त लागतं हो. माझं पहिलं पान सात महिने पिवळं पडून होतं. मी रोज उघडून बघायचो, लग्नाच्या स्थळाचं उत्तर आलं का पाहावं तसं.

तेव्हा फळा पुसा. दोघादोघांच्या जोड्या लावा, एकाने पिवळं करायचं, दुसऱ्याने दोन दिवसांत हिरवं. चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त न करता चर्चापानावर विचारायचं. आणि 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे अनुस्वार जसेच्या तसे ठेवायचे, हे अर्धा तास समोर बसवून शिकवा. त्या मुलालाही. त्याला कुणी सांगितलंच नसणार.

पुस्तकाचं नाव कळवा, गुरुजींची पानं मी घेतो.

रात्रपाळी

मी नर्स आहे. रात्री वॉर्ड शांत असला की मोबाइलवर एखादं पान करते. मी एक गट सोडला त्याचं कारण सांगते. एका जुन्या अनुवादाची चाळीस पानं केली, मग कळलं मूळ लेखक कधीचे गेले असले तरी अनुवादक 1978 साली वारले. आपल्याकडे मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणजे 2038 संपेपर्यंत ते पुस्तक टाकता येत नाही. सगळं काढून टाकलं. गटप्रमुखांनी साधं 'चुकलं' म्हटलं नाही. तो तपास चालकाने आधी करायचा असतो, अनुवादक, प्रस्तावनाकार, सगळ्यांचा.

दुसरं, पुस्तक ज्याचं त्याला निवडू द्या. मला कीर्तनाचं पुस्तक दिलं होतं, जांभया येत होत्या. जुनं बाळंतपणाचं पुस्तक मिळालं आणि मी सुटीच्या दिवशीही बसू लागले. काय काय सल्ले होते, विचारू नका.

पंधराशेचं म्हणाल तर चहा आणि भजी.

कसरीची_वैरीण

उशिरा उत्तर देते आहे, माफ करा. फळा त्याच दिवशी पुसला. उरलेल्या पैशांतून टेबलावरचा एक चांगला दिवा घेतला, बाकीची भजी.

पिवळ्याचं_हिरवं, तुम्ही गुरुजींची तीस पानं हिरवी केलीत आणि पान 63च्या चर्चेत विचारलंत की 'मी जातों' मध्ये 'मी'वर टिंब दिसतं, गुरुजींनी गाळलं का? ते मी छापून त्यांच्या घरी नेऊन दिलं. वाचून म्हणाले, "गाळलं? मी?" आणि तडक चप्पल घालून माझ्याबरोबर वाचनालयात. मूळ पुस्तक मागवलं, दिव्याखाली पान धरलं. टिंबातून पलीकडचा उजेड आला. तेच भोक पुढच्या तीन पानांत.

उत्तर त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं : "अनुस्वार 'मीं केलें' मध्ये येतो, कारण तिथे तृतीया. इथे कर्ता प्रथमेत आहे. आपण दाखवता ती कसर आहे."

तुमच्या पुढच्या शंकेची वाट बघत गुरुजी काल साडेदहापासून बसले होते. कृपया एखादी काढा.