अनुभव धागा: इंत्रुज कसा करतात?

बाजारात मुखवटे टांगलेले दिसले आणि इंत्रुजाचं, म्हणजे ईस्टरच्या उपासाआधी येणाऱ्या गोव्यातल्या कार्निव्हलचं, सगळं आठवलं. बाहेरच्यांना फक्त पणजीची मिरवणूक आणि तिच्या पुढे असणारा कार्निव्हलचा राजा किंग मोमो माहीत. ती मिरवणूक १९६५ पासूनची, गोवा मुक्तीनंतरची. गावातला इंत्रुज त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. म्हणून हा धागा. काय लागतं, काय बिघडतं, तपशिलात लिहा.

मडगावकर
आधी तारीख. ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार शेवटचा, शनिवारपासून चार दिवस. २०२७ चं ईस्टर २८ मार्चला, म्हणून इंत्रुज ६ ते ९ फेब्रुवारी आणि १० ला राखेचा बुधवार. त्या बुधवारी सुरू होणारा उपास ४० दिवसांचा, मधले ६ रविवार त्यात धरत नाहीत. मिरवणुका साधारण शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा. क्रम बदलू शकतो, त्या वर्षीचं पत्रक बघूनच खोली घ्या.

सासष्टीचो
मिरवणूक राहू दे, आमच्या सासष्टीतले खेळ, म्हणजे गावातली लोकनाट्यं, बघा. पडदा नाही, मंच नाही, घराच्या अंगणात. गाणं लागलं की नट समोरासमोर रांगा धरून पुढे-मागे सरकत गातात. एकच मंडळी दिवसभरात अनेक अंगणांत जाते, त्यामुळे पहिल्याला उशीर झाला की शेवटच्या अंगणात मध्यरात्र. बसायला चटई न्या.

रानफूल
एकमेकांवर फेकायच्या पिठाच्या पुड्या कोणी करतं का अजून? पतंगाचा पातळ कागदच हवा, वर्तमानपत्राचा नको. दोन चमचे पीठ, सैल भरायचं, तोंड नुसतं पिळायचं. घट्ट भरली तर फुटत नाही, दगडासारखी लागते. लाकडाचा भुसा अजिबात घालू नका, डोळ्यांत जातो.

मडगावकर
@रानफूल, अगदी! आणि रंगाचं पाणी दुचाकीवाल्यावर नको, तोल जातो.

दिवाडकर
आमच्या दिवाडी बेटावर पोतेकार, म्हणजे वेष घेऊन लोकांना घाबरवत फिरणारी सोंगं. मुखवटा, ओळखू येणार नाही असा वेष आणि अंगाला घंटा. चेहरा झाकला तरी चालण्यावरून माणूस ओळखतात, म्हणून चाल बदलावी लागते. घंटा सैल बांधल्या तर पळताना मांडीवर आपटतात. लहान मुलांना आधी सांगून ठेवा, खूप घाबरतात.

चांदरकार
मुसळ खेळ राहिला की! आमचं सासष्टीतलं चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. मुसळं घेऊन नाचत घरोघर जातात, रात्री. सगळी मुसळं एकाच ठेक्यावर जमिनीवर पडायला हवीत, एक जरी मागे पडलं तरी लगेच कानाला कळतं. कृपा करून फ्लॅश मारू नका.

वसईची_सून
आमच्याकडे वसईत फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव! तसे सगळ्याच सणांना करतात, पण पूर्वी उपासात अंडीही वर्ज्य, त्यामुळे आधीच संपवायची. अर्धा किलो मैदा, २ अंडी, एका नारळाचं कोमट दूध, १ चमचा यीस्ट, साखर, मीठ. पीठ दुप्पट फुगू द्या. ओला हात करून मुठीत घ्या, अंगठा आणि तर्जनीमधून गोळा दाबून तेलात सोडा. तेल फार तापलं तर वरून लाल, आत कच्चे. पीठ पातळ झालं तर शेपट्या येतात आणि तेल पितात.

रानफूल
यीस्टऐवजी ताडी चालेल?

वसईची_सून
चालेल काय, मूळ तीच. ताजी, सकाळची घे. शिळी आंबट लागते. नारळाचं दूध तेवढं कमी कर.

सासष्टीचो
ताडी मिळते कुठे आता? कोणाला माहीत असेल तर सांगा, सान्नांसाठीपण (तांदळाच्या, इडलीसारख्या) हवी आहे.