मदत हवी आहे : टेक्सास आणि अलाबामातील उन्हाळी वादळांचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार मंडळी,

मी डॅलसच्या उत्तरेस राहतो आणि माझी बहीण अलाबामात, बर्मिंगहॅमजवळ. दोन्ही घरांसाठी मी ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या अमेरिकी सरकारी संस्थेचा वादळांच्या धोक्याचा नकाशा रोज सकाळी पाहतो. परंतु दोन्हीकडची वादळे एकाच पद्धतीने वाचता येत नाहीत असे माझे मत होत चालले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आमच्याकडे अडचण झाकणाची आहे. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिम टेक्सासात कोरड्या हवेची सीमारेषा तयार होते आणि मेक्सिकोच्या पठारावरून आलेला उष्ण, कोरडा थर दमट हवेच्या डोक्यावर झाकणासारखा बसून तिला वर चढू देत नाही. मे-जूनमध्ये फोर्ट वर्थहून सोडलेल्या हवामान-फुग्याच्या सकाळच्या आलेखात दवबिंदू 22 अंश, केप (हवेला वर चढण्यासाठी उपलब्ध असलेली ऊर्जा) किलोमागे 4000 ज्यूलच्या पुढे आणि जमिनीपासून 6 किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात 40 नॉटचा फरक, अशी सुपरसेलला (स्वतःभोवती फिरणाऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र वादळाला) लागणारी सगळी सामग्री दिसते. तरीही तो थर फुटला नाही, तर संध्याकाळपर्यंत कडक ऊन, आणि फुटला, तर लिंबाएवढ्या गारा. एचआरआरआर हे संगणकावर चालणारे हवामान मॉडेल दर तासाला नवा अंदाज देते, पण एका फेरीत आमच्या डोक्यावर वादळ दिसते आणि पुढच्या फेरीत ते नाहीसे होते. अशा वेळी फेऱ्यांचा कल पाहावा, की दुपारी उपग्रहाच्या चित्रात सीमारेषेवरचे ढग वर चढतात की चपटेच राहतात, यावर भिस्त ठेवावी?

बहिणीकडचा जुलै-ऑगस्ट निराळाच. जेट प्रवाह उत्तरेला सरकल्याने वाऱ्यांतला फरक नगण्य असतो. तिकडची वादळे आपल्या वळवाला जवळची, दुपारी चढणारी आणि थोड्याच वेळात कोसळणारी. मात्र कोसळताना थंड हवेचा जो झोत जमिनीवर आदळतो, तो झाडे उपटतो. (1985 च्या ऑगस्टमध्ये डॅलस विमानतळावर उतरताना डेल्टाचे 191 क्रमांकाचे विमान अशाच झोतात सापडून कोसळले होते, तेव्हा हा प्रश्न केवळ अलाबामाचा नाही.) नकाशावरची टक्केवारी एखाद्या ठिकाणापासून 25 मैलांच्या आत ताशी 58 मैल किंवा त्याहून जोरदार वारा सुटण्याची शक्यता सांगते, आणि ती 5 टक्क्यांखाली असली की तिथे फक्त ‘सर्वसाधारण वादळे’ हा फिकट हिरवा रंग दिसतो. तो रंग म्हणजे अभय नव्हे, हे माझ्या बहिणीला पटवणे कठीण जाते.

तिच्यासाठी सकाळीच काही ठरवता येईल का? हवेतील एकूण बाष्प 50 मिलिमीटरच्या वर आणि मधल्या थरात कोरडी हवा, एवढ्यावरून झोताचा धोका ओळखता येतो, की खाली येणाऱ्या हवेची ऊर्जा, म्हणजे डीकेपही, पाहावी लागते? पाहावी लागत असल्यास कोणत्या आकड्यापासून आपण सावध होता, आणि आधीच्या वादळांतून बाहेर पडलेल्या थंड हवेच्या सीमा रडारवर हुडकण्यासाठी कोणते चित्र वापरता, हेही कृपया लिहावे.