स्टोरीलाइनमधले ३६० अंशांचे फोटो: फोनवर पान परत लोड होतं, कामगार भलतीकडेच बघतात

भोसरीकर
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका प्रेस शॉपमधल्या (पत्रा दाबून भाग करणारा विभाग) नव्या कंत्राटी कामगारांसाठी मराठीतून सुरक्षा-कोर्स करतोय. स्टोरीलाइनमध्ये (ई-कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) ३६० अंशांचे १२ फोटो टाकलेत, प्रत्येक ८१९२ × ४०९६. कोर्स मूडलवर (ऑनलाइन प्रशिक्षण चालवणारी सिस्टीम), स्कॉर्म १.२ (कोर्सने सिस्टीमला नोंदी कशा द्यायच्या याचं मानक). बहुतेक जण आपापल्या अँड्रॉइड फोनवर बघणार.

अडचणी अशा: तिसऱ्या-चौथ्या दृश्याला ब्राउझर पान परत लोड करतो. अर्ध्यावर सोडून परत आलं की कधी जागेवर उघडतं, कधी पहिल्यापासून. काही फोटोंत काळपट पट्टे आलेत. आणि मुख्य म्हणजे, बघणारा दृश्य गरागरा फिरवतो पण मशीनकडे बघतच नाही. पुढच्या शटडाउनला (मशीनं बंद असताना) फोटो परत काढता येतील, पण एकदाच.

पिक्सेलवाला
पहिल्याचं कारण फोटोचा आकार. जेपीजी ४ एमबीचा असला तरी दाखवताना तो मेमरीत पूर्ण उलगडतो. ८१९२ × ४०९६ म्हणजे सुमारे ३.३५ कोटी पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका दृश्याला १३४ एमबी. आधीचं दृश्य मेमरीतून जायच्या आत पुढचं आलं की साधा फोन हात टेकतो. ४०९६ × २०४८ केलंत की तेच ३३ एमबीवर येतं. सगळे फोटो आधी बाहेर लहान करा, मग आत घ्या.

धूसर दिसेल ही भीती फोनवर खरी नाही. एका वेळी साधारण ९० अंश दिसतात, म्हणजे रुंदीचा पाव भाग, १०२४ पिक्सेल. आडव्या धरलेल्या फोनवर तेवढं पुरतं. जिथे बारीक वाचायचंय (प्रेशर गेज, टनेजची म्हणजे प्रेसच्या दाबाच्या क्षमतेची पाटी) तिथे अख्खा पॅनोरमा मोठा करू नका. हॉटस्पॉट (टॅप करायची जागा) ठेवा आणि लेयरवर (स्लाइडवर उघडणारा वरचा थर) साधा जवळून काढलेला फोटो उघडा. लहान करताना गुणोत्तर २:१ च राहू द्या. खालचा ट्रायपॉड कापायला म्हणून फोटो क्रॉप केला की जमीन-छप्पर ताणलेलं दिसतं. ट्रायपॉड कापायचा नसतो, त्यावर गोल पट्टी किंवा लोगो ठेवायचा.

मूडल_सांभाळणारा
परत आल्यावर पहिल्यापासून सुरू होणं हा सस्पेंड डेटाचा (कुठवर आलो याची साठवलेली नोंद) प्रकार दिसतो. स्कॉर्म १.२ मध्ये त्याला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. स्टोरीलाइन प्रत्येक स्लाइडवरच्या वस्तूंची अवस्था त्यात कोंबते. मर्यादा ओलांडली की नोंद नाकारली जाते किंवा शेपूट तुटते, आणि तुटलेली नोंद कोर्सला वाचता येत नाही. म्हणूनच ‘कधी कधी’ होतं: दुसऱ्या दृश्यावरून परत आलेला निभावतो, दहाव्यावरचा अडकतो. तेव्हा चाचणी शेवटाजवळून बाहेर पडून करा, सुरुवातीला करून काही कळणार नाही.

ज्या स्लाइडचं काही लक्षात ठेवायचं नाही तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘व्हेन रिव्हिजिटिंग’ला ‘रीसेट टू इनिशियल स्टेट’ द्या. दृश्य पूर्ण झालं एवढंच हवं असेल तर त्यासाठी एक ट्रू-फॉल्स (हो/नाही) व्हेरिएबल पुरे. तरी भागलं नाही तर मूडलच्या ॲडमिनला सांगून स्कॉर्मच्या सेटिंगमधला स्कॉर्म १.२ चा ‘स्टँडर्ड्स मोड’ बंद करून घ्या, मग मूडल जास्त लांबीची नोंद ठेवतं. ॲडमिन ऐकत नसेल (ऐकत नाहीतच) तर कोर्सचे दोन तुकडे. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ६४,००० अक्षरं मिळतात हे खरं, पण मूडलचा २००४ ला पूर्ण आधार नाही, त्या नादी लागू नका. नोंदीची लांबी बघायची तर तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउडवर (स्कॉर्म कोर्स तपासायची वेबसाइट) चालवून डीबग लॉग उघडा.

तिपाई
पट्टे दिव्यांचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याचं शटर ऑटोवर राहिलं आणि ते १/५०० वर गेलं की पट्टे आलेच. मॅन्युअल करून १/१०० किंवा १/५० ठेवा, उजेडाचा हिशेब आयएसओने (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) जमवा. काही एलईडींचा ड्रायव्हर वेगळ्याच गतीने लुकलुकतो, म्हणून त्या शेडमध्ये आधी एक फोटो काढून तिथेच मोठा करून बघा.

कॅमेऱ्याची उंची १५० ते १५५ सेंमी, उभ्या माणसाच्या डोळ्याची. जवळची वस्तू कॅमेऱ्यापासून निदान १ मीटर दूर हवी, नाहीतर दोन लेन्सच्या जोडावर गार्डची जाळी मोडलेली दिसते. दाखवायची वस्तू जोडावर कधीच नको, एका लेन्सच्या बरोबर समोर हवी. प्रेस शॉपच्या हवेत तेलाचा अंश असतो, तेव्हा दर दृश्याआधी दोन्ही लेन्स पुसा. प्रेस बंद, लॉकआउट (कुणी चालू करू नये म्हणून कुलूप) लावलेलं, मगच तिपाई आत.

लेयर_ट्रिगर
चौथी अडचण तंत्राची नाही. १२ जागी ३६० कशाला? जिथे कामगाराने मान वळवून काहीतरी शोधायचंय तिथेच ते लागतं: मशीनभोवतीची जागा, फोर्कलिफ्टची वाट, आणीबाणीचं दार. अशी ४ दृश्यं ठेवा. हेल्मेट कसं घालायचं याला साधा फोटो पुष्कळ झाला.

पहिलं दृश्य ‘गाइडेड टूर’वर ठेवा, म्हणजे फिरवायचं कसं ते कळतं. पुढची ‘फ्री एक्सप्लोरेशन’, पण काम देऊन: ‘इथे ४ धोके आहेत, शोधा’, आणि कोपऱ्यात ‘४ पैकी १’ असा आकडा. दृश्य उघडतानाची दिशा अशी धरा की पहिला धोका चौकटीच्या कडेला अर्धा दिसेल, नजर आपोआप तिकडे वळते. मार्कर पिवळे ठेवू नका, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांत हरवतात. पांढऱ्या कडेचा गडद निळा चालतो.

निवेदन चालू असताना तेच वाक्य पडद्यावर लिहू नका. रिचर्ड मेयर यांच्या मल्टिमीडिया शिक्षणाच्या तत्त्वांत हे स्पष्ट आहे: चित्र आणि आवाज असताना तोच मजकूर वर चढवला की लक्ष फाटतं. पडद्यावर दोन-तीन शब्द पुरे.

चुकीच्या उत्तराला लाल फुली देण्यापेक्षा परिणाम दाखवा. हात आत घातला, लाइट कर्टनचा (प्रेससमोरचा प्रकाशकिरणांचा पडदा) किरण अडला, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबला.

शॉपफ्लोअर
शेवटच्या वाक्याला हरकत. तो परिणाम फ्रिक्शन क्लचच्या (फेऱ्यात मध्येच सोडता येणारा) प्रेसवरच खरा. पिन किंवा की क्लचच्या जुन्या प्रेसवर क्लच एकदा धरला की फेरा पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, तिथे लाइट कर्टनने हात वाचत नाही. एकाच शेडमध्ये दोन्ही प्रकार उभे असतील आणि कोर्सने ‘थांबतो’ असं शिकवलं, तर तो कोर्स नसलेलाच बरा. शटडाउनला जाताना मेंटेनन्सकडून प्रेसवार क्लचची यादी घ्या.

भोसरीकर
यादी मागवली. ११ पैकी ३ पिन क्लच निघाले. त्यांचं दृश्य वेगळं करतो, तिथे हात आत जाऊच न देणारा फिक्स्ड गार्ड दाखवतो. एक राहिलं: ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तुटून ‘दुसर्‍या’चा भलताच आकार होतोय.

लेयर_ट्रिगर
मजकूर जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेला असणार. साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप करा. फॉन्ट ठरवण्याआधी त्यात ‘लक्ष’, ‘शिडी’, ‘दुसऱ्या’ लिहून बघा. काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.