मदत हवी आहे: फिजिओथेरपीत आता नुसता खेळच चाललाय, थेरपिस्ट बदलावी का?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक सव्वादोन वर्षांची आहे. तिसाव्या आठवड्यात जन्मली, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, सगळंच उशिरा. दहा आठवडे आधी आलीय ना, म्हणून आम्ही ते दहा आठवडे वजा करून स्वतःची समजूत घालत राहिलो. दीड वर्षाची असताना निदान झालं: सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया. दोन्ही पाय ताठर, हात त्यामानाने चांगले. समज उत्तम, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. रांगते, पण सशासारखी, दोन्ही गुडघे एकदम उचलून. सोफा धरून उभी राहते ती चवड्यांवर. टाचा टेकत नाहीत आणि पाऊल टाकायला गेली की पायांची कात्री होते.

आठ महिने झाले, आठवड्यातून दोनदा पाऊण तास फिजिओ चालू आहे. आधीच्या थेरपिस्ट पाय धरून ताणायच्या. लेक किंचाळायची, मी भिंतीकडे बघत बसायचे. पण काहीतरी होतंय असं तरी वाटायचं. दोन महिन्यांपूर्वी नव्या मॅडम आल्या. या ताणतच नाहीत. लेकीला एका बुटक्या स्टुलावर बसवतात आणि रिंगा काढतात. एक रिंग उजवीकडे जमिनीलगत धरतात, मग एक डावीकडे, मग एक डोक्याच्या वर. तिने ती घ्यायची आणि समोरच्या खांबात अडकवायची. कधी आडव्या लोडावर घोड्यासारखं बसवून चेंडू टाकतात. परवा मी मोजलं, पूर्ण वेळात मॅडमनी तिला चार वेळासुद्धा हात लावला नसेल. लेक खूश आहे, रडणं बंद झालंय. पण घरी सासूबाई म्हणतात, "खेळायला एवढ्या लांब कशाला न्यायचं?" आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटतं.

घरचे व्यायाम म्हणजे रोजचं युद्ध, ते वेगळंच. फाईलवर 'जीएमएफसीएस ३' असंही लिहिलंय. ते काय हे विचारायचं धाडस झालं नाही. आणि आम्ही वेळ वाया घालवतोय का? अनुभवी लोकांनी प्लीज लिहा.

झुळूक

इतकं टेन्शन घेऊ नका हो. प्रत्येक मूल आपापल्या वेळेने चालतं. माझा सतराव्या महिन्यात चालला, आता घर डोक्यावर घेतो. रोज मालीश करा आणि वॉकरमध्ये बसवा, पायात बळ येईल.

पाऊलवाट

झुळूक, हेतू चांगला आहे, पण हा सल्ला इथे लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये निरोगी मुलांचे जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात आधाराशिवाय चालण्याची मुदत ८.२ ते १७.६ महिने अशी ऐसपैस आहे. तुमचा मुलगा त्यात आरामात बसतो. धागाकर्तीच्या मुलीचा प्रश्न उशिराचा नाही, मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या हुकमाचा आहे. आणि आत बसून घरंगळायचा वॉकर कुणाच्याच मुलाला नको. त्यात मूल चवड्यांनी ढकलत जातं आणि तीच सवय आपल्याला मोडायचीय. शिवाय जिन्यावरून पडून इतके अपघात झाले की कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. (मागून ढकलायचा पांगुळगाडा ही निराळी वस्तू. त्यात मूल स्वतःच्या पायांवर असतं.)

उंबरठा ताई, मी लहान मुलांचीच फिजिओथेरपिस्ट आहे. मूल न बघता उपचार सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेला 'खेळ' मी तुम्हाला उलगडून सांगते.

स्टुलावर बसल्यावर तिचे तळवे जमिनीला टेकलेले असतात ना? रिंग उजवीकडे खाली धरली की ती घ्यायला सगळं वजन उजव्या पायावर जातं, टाच आपोआप दाबली जाते आणि कंबर वळते. परत सरळ होताना पोटाचे, पाठीचे स्नायू कामाला लागतात. रिंग डोक्याच्या वर गेली की तिला उठावं लागतं, म्हणजे मांड्या आणि नितंब. पाऊण तासात अशा तीस-चाळीस उठाबशा होत असतील, फक्त 'उठाबशा काढ' असं तिला कुणी म्हणत नाही. पुढच्या वेळी स्टुलाची उंची बघा, ती कमी होत जायला हवी. लोडावर पाय फाकवून बसवणं हे त्या कात्रीसाठी. आणि हात न लावणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, कारण मूल डगमगलं की हात आपसूक पुढे जातो.

ताणण्याबद्दल. ताठरपणा मेंदूतून येतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं पाय ओढून तो जात नाही. स्नायूची लांबी टिकवायची तर ताण तासन् तास मिळावा लागतो. त्यासाठी एएफओ (पोटरीपासून तळव्यापर्यंतचा स्प्लिंट), उभं राहायची चौकट, गरज पडली तर ताठर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन आणि प्लास्टर, हे सगळं असतं. मूल उंच होताना हाडं भराभर वाढतात आणि ताठर स्नायू मागे पडतात, म्हणून यावर लक्ष ठेवावंच लागतं. पण हालचाल शिकण्याचा रस्ता एकच, मुलाने ती स्वतः, पुन्हा पुन्हा, काहीतरी हवंय म्हणून करणं.

जीएमएफसीएस म्हणजे मूल एरवी कसं हिंडतं-फिरतं त्याची पाच पायऱ्यांची वर्गवारी. १ म्हणजे आधाराशिवाय चालणं-पळणं, ५ म्हणजे बसायलाही पूर्ण आधार. ३ म्हणजे हातात धरायच्या साधनाने, वॉकर किंवा कुबड्या घेऊन, चालणारं मूल आणि लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची. दोन वर्षांच्या आत दिलेला आकडा पुढे बदलू शकतो, म्हणून तो जुना असेल तर पुन्हा बघायला सांगा. विचारायला घाबरू नका. ती प्रगतीची मार्कं नाहीत, कुठल्या तयारीला लागायचं ते त्यावरून ठरतं.

आणि हे मात्र आवर्जून करा: खुब्यांचा एक्स-रे. ताठर स्नायूंच्या ओढीने खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकू शकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळतही नाही. किती महिन्यांनी काढायचा ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

चिमखडा

थोडं अवांतर. माझा अकरा महिन्यांचा आहे, रांगतच नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतो. काळजीचं आहे का?

पाऊलवाट

मघाशी सांगितलेल्या पाहणीतही सुमारे ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. नुसतं सरकणं हे काही दुखणं नव्हे. पण एक हात कायम मुठीत राहतो का, एकच बाजू जास्त वापरतो का, धरून उभं केल्यावर पाय ताठ किंवा अगदीच लुळे पडतात का ते बघा. यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दाखवा. वर्षाच्या आत 'डावखुरा दिसतोय' असं कौतुक चालू असेल तर तेही दाखवा, इतक्या लवकर हात ठरत नाही.

गोगलगाय

मी बाबा आहे, मुलगा नऊ वर्षांचा. तोही डायप्लेजिया, तोही ३.

तुमच्या घरच्या युद्धाबद्दल लिहितो, कारण ते आम्ही दीड वर्ष लढलो आणि हरलो. संध्याकाळी सात वाजता चटई अंथरली की हा पलंगाखाली. शेवटी आमच्या थेरपिस्ट म्हणाल्या, चटई गुंडाळून ठेवा आणि मला सांगा, दिवसभरात तुम्ही याच्यासाठी काय काय करता. यादी केली. चड्डी घालणं, मोजे काढणं, नळापाशी उचलून धरणं, गाडीत बसवणं. त्यातली चड्डी निवडली. स्टुलावर बसून पाय घालायचे, भिंतीवरचा दांडा धरून उठायचं, एका हाताने दांडा, दुसऱ्याने चड्डी वर. सुरुवातीला वीस-वीस मिनिटं लागायची, मागची बाजू खालीच राहायची, आणि मी दाराबाहेर उभा राहून स्वतःचेच हात धरून ठेवायचो. पण रोज चार-पाच वेळा होणारा व्यायाम झाला तो, आणि भांडण नाही.

एक आकडा मी वाचला होता तो डोक्यात बसलाय. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना मोजली, तर सरासरी तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला! आपल्या मुलांना आठवड्यातून दोनदा पाऊण तास. बाकीच्या वेळात ती कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतात.

लोक अजून विचारतात, चालायला लागला का. मुलगा शाळेत पाठीमागे राहणारा वॉकर धरून हिंडतो, सहलीला व्हीलचेअर. वॉकर दिला तेव्हा आमच्याकडेही 'आता याला सवय लागेल' म्हणून रडारड झाली होती. उलट वॉकर आला तेव्हा तो पहिल्यांदा आमच्यापासून लांब गेला. बाथरूमला एकटा जातो, दार आतून लावतो आणि अर्धा तास बाहेर येत नाही. ही तक्रार करताना जे सुख होतं ते विचारू नका.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल मॅडमना स्पष्ट विचारलं, आपण कशासाठी काम करतोय. त्यांनी वही उघडून दाखवली. त्यात 'चालणे' लिहिलेलंच नव्हतं. होतं ते असं: 'सोफ्यावरून स्वतः खाली उतरणे. स्टुलावरून उठून फळीवरचं पुस्तक काढणे. मोजे काढणे.' मला हे दोन महिने कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होते, पण मी विचारलंही नव्हतं.

गोगलगाय, तुमची यादी वाचून मी काल कॅलेंडरवर रेघा मारल्या, लेकीला दिवसातून किती वेळा उचललं त्याच्या. मनात होतं की सासूबाईंना दाखवीन. संध्याकाळपर्यंत ३४ रेघा झाल्या. त्यांच्या ११. बाकीच्या माझ्या.

पाऊलवाट

रेघा लगेच शून्यावर आणायच्या नाहीत, हं. दमलेल्या मुलाला उचलायचंच. मोज्यांपासून सुरुवात करा. मोजा टाचेवरून तुम्ही उतरवायचा, बोटांवर लोंबकळता ठेवायचा आणि शेवटचा झटका तिचा. जमलं की टाचेच्या अलीकडे थांबायचं. म्हणजे काम दर वेळी तिच्याच हातून पुरं होतं.

उंबरठा (तीन आठवड्यांनी)

अपडेट. थेरपिस्ट बदलली नाही. एएफओ आले, पहिल्या दिवशी घोट्यावर लाल वळ उठला, अर्ध्या तासानेही गेला नाही म्हणून परत नेऊन आतून घासून घेतले. आता ठीक. एक्स-रेची तारीख मिळालीय. चालत वगैरे नाही, टाचा स्प्लिंटशिवाय अजून वरच.

मोजे मात्र निघतात. दोन्ही. घातल्या घातल्या. सासूबाई दिवसभर मोजे गोळा करत फिरतात आणि मला ऐकू येईल असं पुटपुटतात.

आता नवा घोळ. सोफ्यावरून उतरायला शिकलीय, पण पालथी होऊन पाय आधी सोडायचे सोडून तोंड पुढे करून सरळ डाइव्ह मारते. खाली गादी टाकलीय. 'वळ' म्हटलं की माझ्याकडे बघून हसते आणि मारतेच. कुणी काय केलं होतं?

गोगलगाय

आमच्याकडे चाललेली युक्ती सांगतो. तिचा आवडता खेळ सोफ्याच्या पाठीशी उभा करून ठेवायचा, म्हणजे तिला तिकडे तोंड करावंच लागतं. ती तिकडे वळली की मागून नुसतं "पाय कुठेत?" विचारायचं. आणि गादी काढू नका इतक्यात.