मोडी लिपी येत नाही, तरी पेशवाईवर लिहायचं?

बोरूबहाद्दर:
परवा एका ऐतिहासिक कादंबरीच्या प्रकाशनाला गेलो होतो. लेखकमहाशयांना विचारलं, मूळ कागद कुठे पाहिलेत? म्हणाले, "छापील साधनं ढीगभर आहेत की!" टाळ्या पडल्या. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे बोलतोय.

पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांच्या संग्रहात, हजारो रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) ठेवलेत, कागद कोटींच्या घरात. त्यातून गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले. निवडून छापले. म्हणजे आपण ज्याला छापील साधनं म्हणतो ते दुसऱ्याने वाढलेलं ताट आहे. मोहिमा आणि वकिलांची पत्रं पानात, बैलांची वैरण आणि कोठीचा हिशोब बहुतेक मुदपाकखान्यातच.

ज्याला मोडी येत नाही त्याने त्या काळावर प्रबंध लिहू नये. कादंबरी खुशाल लिहावी, पण मलपृष्ठावर 'अस्सल कागदपत्रांच्या आधारे' छापू नये. या, झोडपा.

खडूसराव:
मोडी शिकायला किती दिवस लागतात?

बोरूबहाद्दर:
मुळाक्षरं पंधरवड्यात येतात. घाईत बसलेल्या कारकुनाचं अक्षर लागायला मला चार वर्षं लागली, आणि अजून अडतो.

खडूसराव:
म्हणजे तोवर सगळ्यांनी लेखण्या म्यान करायच्या. छान. सरदेसायांच्या खंडांत सामाजिक आणि धार्मिक बाबींचे कागदही आहेत, हे जाता जाता.

जात्यावरली:
माझा आक्षेप वेगळा आहे. दप्तर कुणाचं? सरकारचं. सारा कुणी भरला, इनाम कुणाला, वतनाचा तंटा कुणाचा. पुढे इंग्रजांनी ते जपलं तेही इनामं तपासायला, आपल्या प्रबंधांसाठी नव्हे. त्यात माझी खापरपणजी शोधायची कुठे?

हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजारावर गावं, लाखाहून जास्त ओव्या. माझी आजी मुळशीकडची. सासुरवास, भावाची वाट, पंढरीची वारी हे सगळं तिला तोंडपाठ होतं, सही मात्र येत नव्हती. अस्सल कागदाचा एवढा अभिमान धरला की कागदाबाहेरची माणसं आपोआप नकली ठरतात.

बोरूबहाद्दर:
ताई, ओव्यांचा तो साठा म्हणजे दप्तरच झालं की. कुणीतरी ऐकलं, उतरवलं, गावाचं नाव घातलं, म्हणून आज तुम्ही दाखला देताय.

जात्यावरली:
झालं, पण ते घडवावं लागलं. बांधून ठेवलेलं मिळालं नाही. फरक तोच आहे.

रुमालकरी:
दोघांनाही थोडं टोचतो.

बोरूबहाद्दर, नुसतं मोडी येऊन भागत नाही. कागदावर तारीख असते 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हे शुहूर साल, तेव्हाच्या दप्तरातली कालगणना, मृग नक्षत्राला सुरू होणारी. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. म्हणजे याच सालातलं ऑक्टोबरचं पत्र १७६० चं आणि जानेवारीचं १७६१ चं. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. इथे एक आकडा चुकला की मेलेला माणूस पत्र लिहायला बसतो. असे प्रबंध मी पाहिलेत, आणि ते मोडी येणाऱ्यांचेच होते.

आणि जात्यावरली, दप्तरात फक्त लिहिणारेच भेटतात असं नाही. गोतसभेचा, म्हणजे गावच्या पंचांच्या सभेचा, निवाडा झाला की महजर, म्हणजे त्याचा लेखी कागद, होतो. खाली गावच्या वतनदारांची नावं, आणि ज्याला सही येत नाही तो आपल्या हत्याराचं चित्र काढतो. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराची विळा-दोरी. पहिला महजर उलगडला तेव्हा मी मजकूर सोडून ती चित्रंच बघत बसलो होतो. मघाशी वैरणीच्या हिशोबाचा विषय निघाला. फुकाझावा आणि कोतानी या जपानी अभ्यासकांनी असल्या कोरड्या कागदांतूनच इथल्या वतनांचा नि जातींचा इतिहास उभा केला. आम्ही तोवर भाऊसाहेबांचं काय झालं यावर भांडत होतो.

मांडवीकाठ:
गोव्यातून एक पिंक. आमच्या पणजीच्या पुराभिलेखागाराचा पाया १५९५ चा, दियोगु दु कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराच्या तिथल्या नेमणुकीपासूनचा. तिथे मोडीपंडित गेला तरी त्याला पोर्तुगीज लागणारच. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते कागद वाचले म्हणून मराठ्यांची दुसरी बाजू कळली. मग नियम काय करायचा? पोर्तुगीज, फारसी, मोडी तिन्ही येत नाहीत त्याने संभाजीराजांवर लिहू नये?

बोरूबहाद्दर:
निदान येत नाही हे प्रस्तावनेत लिहावं. इतकं तरी?

खडूसराव:
आता आलात वळणावर. पहिल्या पोस्टमध्ये बंदी होती, आता कबुलीजबाब पुरतोय.

तिसरीपिढी:
प्रबंधवाले बाजूला ठेवा. मी पोटासाठी मोडी वाचतो. २०२३ ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि ज्या तहसीलमध्ये मला कुणी चहा विचारत नव्हतं तिथून गाडी आली. कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळं मोडीत. एका गावात वही उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली, कडेला वाळवीने नक्षी काढलेली. एक म्हातारे माझ्या बोटाकडे बघत उभे, आजोबांचं नाव येतं का म्हणून. आलं नाही. त्या सालाचं पानच नव्हतं.

अभ्यासकांनी जावं का, यावर वाद घालताय. जायला वाट आहे का ते बघा. एका दप्तरखान्यात मला शिफारसपत्र मागितलं. आणलं, तर साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला रुमाल मिळाला, पण फोटो काढायला मनाई. हाताने उतरवून घेतलं, बाहेर पडेपर्यंत पाच वाजले. कादंबरीकाराला शिव्या घालणं सोपं आहे.

बोरूबहाद्दर:
हे मान्य. तरी चार खेपा घातल्या की मिळतं, आणि 'अस्सल' म्हणून पुस्तक विकणाऱ्याने त्या घालाव्यात.

जात्यावरली:
रुमालकरी, त्या महजरांचं अजून डोक्यात आहे. बाईची निशाणी काय असायची?

रुमालकरी:
बांगडी. नावाशेजारी एक वाटोळं काढलेलं असतं. घाईत वाचताना शून्य वाटतं, आमच्यातले काही जण तसंच सोडून देतात.

जात्यावरली:
पुढच्या खेपेला मला बरोबर न्या. शिफारसपत्र मी आणते.